हिराचं निळं दव

हिरा रणपिसेनं गोठलेलं दव जन्मात पाहिलेलं नव्हतं. तरी इंग्रज चित्रकारांनी ते कसं रंगवलं, याबद्दल पुण्यात कुणाला काही विचारायचं झालं तर माणसं तिच्याकडेच यायची. पुण्यात म्हणजे खरं तर कोथरूडच्या रविवार मंडळात. पण मंडळाच्या लोकांना मंडळ म्हणजेच पुणं वाटायचं आणि हिरालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मंडळ म्हणजे पंधरा-वीस हौशी चित्रकार. निवृत्त बँकवाले, इंजिनिअर, एक-दोन डॉक्टर. रविवारी सकाळी एखाद्या टेकडीवर नाहीतर नदीकाठी बसून जलरंगात निसर्गचित्रं काढायची, मग इडली खायची आणि एकमेकांच्या चित्रांना 'छान' म्हणायचं. त्यांच्यात रीतसर चित्रकला शिकलेली हिरा एकटीच. पालिकेच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून नोकरी करून ती निवृत्त झाली होती. विश्रांतवाडीहून मनपाच्या बसथांब्यावर यायचं, तिथून दुसरी बस पकडायची, मांडीवर रंगांची पेटी. मंडळाचे अध्यक्ष बापूराव, पाटबंधारे खात्यातले जुने इंजिनिअर, ती दिसली की खुर्चीतून अर्धवट उठत. एवढा मान ते बाकी कुणालाच देत नसत.

दर जानेवारीत मंडळात तिचं एक भाषण व्हायचं. विषय ठरलेला: इंग्लंडचा हिवाळा आणि तिथले निसर्गचित्रकार. तिथे हिवाळ्यात सूर्य आभाळात वर चढतच नाही, म्हणून दुपारीसुद्धा सावल्या लांबलचक पडतात. उघडी झाडं, नांगरलेलं रान आणि त्यावर पसरलेलं गोठलेलं दव. हे सगळं ती असं सांगायची की ऐकणारे स्वेटरची बटणं लावून घ्यायचे. आणि मुख्य म्हणजे दवाचा रंग. "दव पांढरं नसतं," ती म्हणायची, "दव निळं असतं. थंडीला रंग असतो, आणि तो निळा." मग ती स्वतःचं एक चित्र दाखवायची. निळं रान, निळं कुंपण, निळी पहाट. मंडळात त्याला 'रणपिसे मॅडमचा निळा' असं नावच पडलं होतं.

हा निळा तिला कॉलेजच्या जिन्यात सापडला होता. ती चित्रकलेच्या पदविकेला होती तेव्हा तिथल्या जिन्याच्या वळणावर एका इंग्रज चित्रकाराच्या चित्राची मोठी छापील प्रत काचेच्या चौकटीत लावलेली होती. शेताचं लाकडी फाटक, दोन घोडे, नांगरलेल्या सऱ्या आणि त्या सगळ्यावर गोठलेली सकाळ. घरातून कॉलेजात गेलेली हिरा पहिलीच. वडील खडकीच्या कारखान्यात कामाला, आई चार घरची कामं करणारी. त्या कॉलेजात पहिलं वर्षभर तिला आपण कुठे उभं राहायचं हेच कळत नव्हतं. जिन्यातल्या त्या चित्रासमोर मात्र तिला हक्कानं उभं राहता यायचं. तिथे उभं राहायला कुणाची परवानगी लागत नसे.

तिच्याच वर्गात ललिता होती. ललिताचं त्या चित्राशी काही देणंघेणं नव्हतं. ती शेंगदाणे खात जिना चढायची आणि म्हणायची, "चल गं हिरे, तास सुरू झाला. ते घोडे कुठे पळून जात नाहीत." पदविका झाली, ललिताचं लग्न झालं, ती कोथरूडची कुंटे झाली आणि तिनं ब्रश जो ठेवला तो ठेवलाच. मैत्री मात्र टिकली. हिराच्या भाषणाला ती दर वर्षी यायची, पहिल्या रांगेत बसायची आणि मध्येच डुलकी काढायची.

आणि ही ललिता इंग्लंडला गेली.

तिचा मुलगा विक्रम तिकडे उत्तरेकडच्या एका लहानशा गावात नोकरीला होता. नवरा गेल्यावर ती एकटी पडली होती, म्हणून विक्रमनं नोव्हेंबर-डिसेंबरचे दोन महिने बोलावून घेतलं. बातमी ऐकून हिरा म्हणाली, "वा, छान." घरी आल्यावर तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं. तिचा नवरा सीताराम जेवता जेवता थांबला, पाणी प्यायला आणि पुन्हा जेवू लागला.

पहिले काही आठवडे बरे गेले. ललिता फोनवर फोटो पाठवायची. खिडकीच्या काचेवर उमटलेली बर्फाची नक्षी, गाडीच्या टपावर जमलेलं दव. हिरा लांबलचक उत्तरं लिहायची. फाटकाच्या कोणत्या बाजूला उजेड आहे बघ. सावलीतलं दव आणि उन्हातलं दव यांत फरक दिसतो का, ते सांग. शहरातल्या संग्रहालयात जा, अमुक काळाचा विभाग बघ. ललिता लिहायची, 'अगं, नाक गळून पडेल इतकी थंडी आहे, तू काय उजेड बघ म्हणतेस!' पण बघायची. मग एक दिवस तिनं लिहिलं, 'गंमत सांगू? विक्रमकडून रंग मागवले. किती वर्षांनी हातात ब्रश धरला.' खाली एका लहानशा चित्राचा फोटो होता.

हिरानं तो मोठा करून पाहिला. परसदार, एक उघडं झाड, दवानं पांढुरकं झालेलं गवत. कुठे काही निळं नव्हतं. कागद तसाच कोरा सोडून वर फिकट गव्हाळ रंगाचा एकच हात फिरवलेला, आणि तरी गवतावर पाऊल ठेवलं तर करकर वाजेल असं वाटत होतं.

हिराला चित्र कळत होतं, हीच पंचाईत होती. न कळणारीला 'ठीक आहे' म्हणून पुढे जाता आलं असतं.

त्या दिवशी तिनं उत्तर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ललितानं आणखी एक चित्र पाठवलं, मग आणखी एक. हिरानं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. पुढे तेही बंद केलं. 'बरी आहेस ना?' असा निरोप आला, तो तिनं उघडलाच नाही, वरूनच वाचला. रात्रंदिवस एकच गोष्ट पोट जाळत होती: आपण आयुष्यभर ज्याच्यासाठी झुरलो ते हिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर फुकट पडलेलं आहे. आणि हिला काय त्याचं! जिन्यात शेंगदाणे खात होती ही.

डिसेंबर संपता संपता ललिता परतली. बापूरावांचा हिराला फोन आला. आवाज नको तितका मऊ होता.

"मॅडम, यंदा जानेवारीचं भाषण आपण कुंटेबाईंना देऊ या का? त्या नुकत्याच तिथून आल्यात. प्रत्यक्ष पाहून. आपलं काय, आपण दर वर्षी असताच."

"द्या की," हिरा म्हणाली. "मलाही बसून ऐकायला मिळेल."

भाषणाच्या दिवशी ती मंडळाच्या दालनात पहिल्या रांगेत बसली. ललितानं आणलेली चित्रं, पोस्टकार्डाएवढीच, टेबलावर मांडली होती आणि माणसं वाकून वाकून बघत होती. यांच्यातल्या कुणी इतक्या वर्षांत हिराचं चित्र असं वाकून पाहिलं नव्हतं. सगळे मागे सरकून, मान हलवून, 'मॅडमचा निळा' म्हणायचे.

ललिताला भाषणाची सवय नव्हती. ती घरात बोलावं तसं बोलली. "मी आपली खिडकीशी बसायचे. बघायचं काय ते हिरानं सांगितलं होतं, नाहीतर मला कुठलं कळायला! तिनंच मला संग्रहालयात पाठवलं. आणि काय सांगू, आमच्या कॉलेजच्या जिन्यातलं ते चित्र, ते मला तिथे दिसलं. खरं, मूळचं."

हिरा खुर्चीत ताठ झाली. हे ललितानं तिला सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेलही. न उघडलेल्या निरोपांत असेल.

ललितानं मोबाइलवर काढलेला फोटो प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवला. तेच फाटक, तेच घोडे. पण रान निळं नव्हतं. रान राखाडी, तपकिरी, आणि जिथे सूर्याचा तिरपा उजेड पडला होता तिथे दव गुलाबीसर, मधाच्या रंगाचं झालं होतं. सगळी सकाळ आतून ऊबदार होती.

"मीही चक्रावले," ललिता म्हणाली. "मग लक्षात आलं. जिन्यातल्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट त्या प्रतीवर यायचं, आठवतं का हिरा? छापलेला लाल-पिवळा उन्हानं उडून जातो, निळा तेवढा राहतो. आम्ही पाहत होतो तो पुण्याच्या उन्हानं विटलेला इंग्लंडचा हिवाळा."

कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नव्हे, गंमत वाटून हसलं. बापूरावांनी हिराकडे पाहिलं. आणखी दोघांनी पाहिलं. भिंतीवर समोरच, गेल्या प्रदर्शनापासून, हिराचं निळं रान टांगलेलं होतं.

हिरा उभी राहिली.

"मोबाइलच्या फोटोत सगळं पिवळंच येतं, ललिता. संग्रहालयातले दिवे पिवळे, वर जुन्या चित्रांवरचं वार्निश पिवळं पडलेलं. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. तू तेव्हा वर्गात नसशील."

"पण मी डोळ्यांनी पाहिलं गं. खिडकीतून रोज—"

"रोज म्हणजे दोन महिने." हिराचा आवाज शाळेतल्यासारखा झाला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "दोन महिने थंडी खाल्ली म्हणून कुणी चित्रकार होत नाही. तसं असतं तर तिथला दूधवालाही झाला असता."

आता मात्र सगळे मोकळेपणी हसले. चुरचुरीत बोलण्याला मंडळात फार किंमत होती. ललिताही हसल्यासारखं करून खाली बसली. तिनं टेबलावरची चित्रं गोळा केली, कडा जुळवल्या आणि पिशवीत घातली. महिनाअखेरच्या प्रदर्शनासाठी तिची चित्रं घ्यायची की नाही हा विषय निघाला तेव्हा बापूराव म्हणाले, "तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा यंदा राहू द्या." दर्शनी भिंत हिराच्या निळ्या रानाला मिळाली.

बसमध्ये हिराला वाटलं, आपण जिंकलो. मनपाला उतरेपर्यंत तसंच वाटत होतं.

वार्निशचं तिनं खोटं सांगितलं नव्हतं. जुन्या चित्रांवरचं वार्निश पिवळं पडतं, हे खरंच. पण ललितानं परसदारी काढलेल्या चित्रांवर कसलं वार्निश? शिवाय जिन्यातली ती खिडकी हिराला चांगली आठवत होती. दुपारी चित्रासमोर उभं राहिलं की काचेवर ऊन चमकायचं, म्हणून ती नेहमी एका बाजूला सरकून बघायची.

आठवडाभरानं पेपरात नेहमीची बातमी आली: महाबळेश्वरला पारा उतरला, वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले. दर वर्षी येते तशीच. दर वर्षी हिरा ती वाचून पान उलटायची. कधी शाळा असायची, कधी मुलीची परीक्षा. निवृत्त झाल्यावर तीही कारणं उरली नव्हती, तरी ती गेली नव्हती. मनातलं इंग्लंड इतकं पक्कं होतं की घराजवळचं दव पाहावंसंच वाटलं नव्हतं. यंदा ती सीतारामला म्हणाली, "अहो, महाबळेश्वरला जाऊ या."

"या थंडीत?"

"थंडीसाठीच."

मुलीनं, दीक्षानं, गाडी ठरवून दिली. दोघं मुक्कामाला गेली आणि उजाडायच्या आधी तलावाशी जाऊन उभी राहिली. सीताराम शालीवर शाल घेऊन, कानटोपी घालून, हात काखेत खुपसून. हिरा कुंपणाच्या कडेला वाकून. तिथे गवत होतं आणि गवतावर ते होतं.

आधी राखेसारखं. अंगणात कुणी चूल झाडावी तसं करडं. तिनं एका पात्याला बोट लावलं. बोटाला चावा बसला आणि पातं ओलं झालं. मग डोंगरामागून ऊन आलं, अगदी आडवं. गवताचा एक पट्टा गुलाबी झाला, मग जोंधळ्याच्या धाटासारखा पिवळा, आणि त्या पिवळ्यात दव दाण्यादाण्यानं पेटलं. कुंपणाच्या सावलीत निळसर छटा होती. होती, नाही असं नाही. पण बारीकशी, बोटभर. ऊन सरकलं तशी तीही विरघळली. सगळा खेळ चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात आटोपला आणि खाली उरलं नुसतं ओलं गवत.

हिराला आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला. हे ललितानं रोज पाहिलं. सकाळी उठून, गाऊनवर, हातात कप घेऊन. त्या क्षणी हेव्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि थंडीमुळे ते गालावर तसंच राहिलं.

"लली बरोबर होती," ती म्हणाली.

"मला सांगून काय उपयोग?" सीताराम म्हणाला. "मला निळ्या-पिवळ्यातलं काय कळतं? आपण आता गाडीत बसू या का?"

पुण्याला आल्यावर ती ललिताकडे गेली. ललितानं दार उघडलं, "ये" म्हणाली, आणि आत जाऊन चहा टाकला. हिरानं चहाचा घोटही न घेता सांगून टाकलं: मी दव पाहून आले, तू बरोबर होतीस.

"मी बरोबर होते हे मला माहीत होतं," ललिता म्हणाली. "त्यासाठी महाबळेश्वरपर्यंत पेट्रोल जाळायला नको होतं. मला एवढंच सांग, तू तसं का बोललीस?"

"हेवा वाटला."

"कसला?"

"सगळ्याचाच. तू गेलीस याचा, ते चित्र तुला दिसलं याचा. आणि तुझी चित्रं चांगली झाली याचा. ती वाईट झाली असती तर मी तुला डोक्यावर घेऊन नाचले असते."

ललितानं कप बशीत ठेवला. तो जरा जोरातच ठेवला गेला.

"दूधवाला म्हणालीस ना? ऐक मग. तिथे दूधवाला यायचा नाही, कुणीच यायचं नाही. विक्रम आणि सून अंधारात जायची, अंधारात यायची. दिवसभर त्या घरात मी एकटी, शब्द बोलायला माणूस नाही. तुझे निरोप यायचे. हे बघ, ते बघ, सावली बघ. मी उठायचे ती त्यासाठी. हिराला काय सांगायचं म्हणून खिडकीशी बसायचे. शब्दांत सांगता येईना म्हणून रंग घेतले. तुला दाखवायला काढली ती चित्रं, आणि तू उत्तर द्यायची बंद झालीस. मला वाटलं तू आजारी आहेस. मी सीतारामरावांना फोन केला, माहिती आहे? ते म्हणाले, ठणठणीत आहे, भाजीत मीठ जास्त पडतंय एवढंच."

हिराला वर बघता येईना. सीतारामनं हे घरी सांगितलं नव्हतं.

"मला माफ कर," ती म्हणाली.

"बघू," ललिता म्हणाली. "आज नाही जमायचं." थोड्या वेळानं तिनं बशीत शंकरपाळे काढून हिरापुढे सरकवले, पण बोलणं तिथेच राहिलं.

निघताना हिरानं परसदाराचं ते पहिलं चित्र मागितलं. ललितानं विचारलं, कशाला? हिरानं सांगितलं. ललिता म्हणाली, "बापूराव ऐकायचे नाहीत."

बापूराव ऐकलेच नाहीत. "मॅडम, प्रदर्शनाची मांडणी ठरली आहे. ठरलेली मांडणी बदलायची आपल्याकडे पद्धत नाही."

"मग मी माझं चित्र मागे घेते. तशी पद्धत आहे का?"

"तशी काही... स्पष्ट तरतूद नाही."

"ठीक. माझी भिंत मला दिलेली आहे. त्यावर काय लावायचं ते मी बघते."

प्रदर्शनाच्या सकाळी ती लवकर पोहोचली. निळं रान खिळ्यावरून उतरवून तिनं उलटं करून भिंतीशी टेकवलं आणि ललिताचं लहानसं चित्र, घरून आणलेल्या चौकटीत बसवून, तिथे टांगलं. एवढ्या मोठ्या भिंतीवर ते सुपारीएवढं दिसत होतं. बापूराव आले, त्यांनी पाहिलं, घसा खाकरला आणि उद्घाटनाच्या रिबिनीकडे निघून गेले.

माणसं येत गेली. लांबून पाहायची, 'हे काय एवढंसं' म्हणून जवळ यायची, आणि मग वाकून पाहत राहायची. हिरा बाजूलाच उभी होती. कुणी विचारलं तर ती सांगत होती: उजेड तिरपा आहे, म्हणून दव गव्हाळ दिसतं, पांढरा रंग वापरलेलाच नाही, तो कागद आहे, निळं शोधायचं तर झाडाच्या बुंध्याशी शोधा, अगदी थोडं आहे. ती बोलत होती आणि ऐकणारे जॅकेटच्या चेन वर ओढत होते. इतकं चांगलं ती कधीच बोलली नव्हती, आणि ते दुसरीच्या चित्राबद्दल.

उत्कर्षा नावाची एक तरुण मुलगी, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, बराच वेळ तिथून हललीच नाही. शेवटी तिनं हिराकडे वळून विचारलं, "मॅडम, हे तुम्ही काढलंय ना? म्हणजे, तुम्ही सांगताय त्यावरून असं वाटतं की तुम्ही तिथे होता. इट्स सो गुड."

ललिता दालनाच्या दुसऱ्या टोकाला, कुणाशी तरी बोलत पाठमोरी उभी होती. सकाळपासून ती या भिंतीकडे फिरकली नव्हती.

एक 'हो' किती लहान असतो.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही काढलं. त्या तिकडे, हिरव्या साडीत आहेत ना, त्या ललिता कुंटे. त्यांनी काढलं. जा, भेटा त्यांना."

मुलगी लगबगीनं तिकडे गेली. ललितानं वळून पाहिलं. मुलगी हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि ललिताचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मग मुलीच्या खांद्यावरून तिनं हिराकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. हिरानंही हलवली. आणि त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघताना तिच्या पोटात पुन्हा तसंच जळजळलं, चांगलं सणसणीत. तेवढ्यात एक आजोबा चष्मा पुसत चित्रासमोर येऊन उभे राहिले, आणि काचेवर उजेड चमकत होता म्हणून हिरानं त्यांना जरा डावीकडे सरकून बघायला सांगितलं.